दुकानाच्या संगणकाचा नाका आणि नाक्यावरची वही

भंडारा जिल्ह्याचा व्यापार आता संगणकावर चालतो. भंडाऱ्यातील पितळी भांड्यांचे ठोक व्यापारी, तुमसरचे धान-तांदळाचे व्यापारी, मोहाडी तालुक्यात कोसा कापड विणणारे आणि विकणारे, लाखनी-साकोलीच्या महामार्गावर मोटारीचे सुटे भाग विकणारे, या सर्वांची बिले संगणकावरच निघतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल आले. तुमसरहून शेजारच्या बालाघाटला पन्नास हजारांवरचा माल पाठवायचा तरी आधी इंटरनेटवर जावे लागते.

पूर्वी गल्ल्याखाली कुलपात राहणारी उधारीची वही आता त्या यंत्रात आहे. कोणाकडे किती येणे, कोणाचे किती देणे, माल कोणत्या भावाने घेतला, बँकेत शिल्लक किती, हे सारे तिथेच आहे. दुकानाला शटर आहे, शटरला दोन कुलपे आहेत, बाजारात रात्रीचा गुरखा आहे. मग या यंत्राच्या दाराशी कोण बसला आहे, हे आपल्यापैकी किती बांधवांना ठाऊक आहे?

त्या दाराशी बसणाऱ्याचे नाव फायरवॉल. इमारतीत एका खोलीची आग दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून बांधलेल्या जाड भिंतीला इंग्रजीत हे नाव आहे. संगणकाच्या जगात ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी 'मॉरिस वर्म' नावाच्या एका आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने अमेरिकेतील हजारो संगणक ठप्प केले, तेव्हा दारावर पहारा हवा हे सर्वांना पटले. आपल्याकडे मात्र समज असा की फायरवॉल म्हणजे विकत आणून भिंतीवर टांगण्याची पेटी. आम्हाला येथे एवढेच सांगायचे आहे की फायरवॉल म्हणजे दोन गोष्टी, नियमांची एक यादी आणि नोंदीची एक वही. यादी चुकली तर चोर आत येतो, आणि वही नसेल तर तो आला होता हेही कळत नाही.

नाक्यावरचा कारकून

पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना शहराच्या वेशीवरचे जकात नाके आठवत असतील. ही जकात नगरपालिकेची, मालदाराने गरिबाला द्यायची नव्हे. राज्यातील नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. त्या नाक्यावर कारकून बसे. गाडी आली की तो विचारी, माल कोठून आला, कोठे जाणार, माल काय, कोणत्या पेठेत उतरणार? समोरच्या तक्त्यावर नियम लिहिलेले असत. नियमात बसले तर गाडी सुटे, नाही तर अडे. कारकून गाडीवाल्याचे मन ओळखत नसे, कागद ओळखत असे.

फायरवॉल हेच काम करते. इंटरनेटवरून येणारी-जाणारी माहिती छोट्या छोट्या पाकिटांत येते. प्रत्येक पाकिटावर प्रेषकाचा पत्ता, पोहोचण्याचा पत्ता आणि वाहतुकीचा प्रकार म्हणजे टीसीपी, यूडीपी वगैरे लिहिलेला असतो. शिवाय 'पोर्ट' नावाचा एक क्रमांक असतो. पोर्ट म्हणजे एकाच वाड्याच्या अनेक दारांपैकी कोणते दार, ते सांगणारा आकडा. असे क्रमांक ६५,५३५ पर्यंत असतात. सुरक्षित वेबसाइटचे दार ४४३, विंडोज संगणकांनी आपसांत फाइली देण्या-घेण्याचे दार ४४५, आणि दूर बसून दुसऱ्याचा संगणक चालवण्याचे म्हणजे रिमोट डेस्कटॉपचे दार ३३८९.

फायरवॉलचा प्रत्येक नियम याच गोष्टी विचारतो. त्याखेरीज पाकीट बाहेरून आत येत आहे की आतून बाहेर जात आहे, हेही तो पाहतो. नियमात जितक्या अटी लिहिल्या आहेत तितक्या सर्व जुळल्या तरच तो नियम लागू होतो. एक अट चुकली की कारकून पुढच्या नियमाकडे वळतो. जी अट लिहिलीच नाही ती 'कोणीही चालेल' अशी धरली जाते, हे विशेष ध्यानात ठेवावे. प्रेषकाच्या पत्त्याची जागा कोरी सोडली तर साऱ्या जगाला परवाना दिल्यासारखे होते.

नियम जुळल्यावर पाकीट सोडणे किंवा अडवणे, यांपैकी एक होते. अडवण्याचेही दोन प्रकार आहेत. एकात 'परवानगी नाही' असा निरोप परत पाठवला जातो. दुसऱ्यात पाकीट गुपचूप टाकून दिले जाते आणि पाठवणारा उत्तराची वाट पाहत बसतो. बाहेरच्या अनोळखी माणसासाठी दुसरा प्रकार बरा, कारण त्याला आत कोणी आहे की नाही हेही पटकन कळत नाही.

यादीचा क्रम

येथे बहुतेकांची फसगत होते. नियम बरोबर असून भागत नाही, ते बरोबर क्रमाने असावे लागतात.

लिनक्सवरील आयपीटेबल्स आणि बाजारातील बहुतेक फायरवॉल पेट्या यादी वरून खाली वाचतात, आणि जो नियम पहिल्यांदा जुळेल त्याचा निर्णय अखेरचा. त्याखालचे नियम वाचलेच जात नाहीत. यादी संपेपर्यंत काहीच जुळले नाही तर शेवटचा सर्वसाधारण नियम चालतो, आणि तो 'अडवा' असाच असला पाहिजे. ओपनबीएसडी या प्रणालीची 'पीएफ' फायरवॉल नेमकी उलट वागते. तिथे जुळणाऱ्या नियमांतला शेवटचा नियम खरा मानतात, फक्त 'क्विक' असा शब्द लावलेला नियम जुळला तर वाचन तिथेच थांबते. विंडोजची रीत तिसरीच आहे. तिथे क्रमाला महत्त्व नाही. एकाच पाकिटाला 'सोडा' आणि 'अडवा' असे दोन्ही नियम जुळले तर 'अडवा' जिंकतो. म्हणून एका ठिकाणची यादी जशीच्या तशी दुसऱ्या ठिकाणी उतरवणारा कारागीर भेटला तर त्याला आधी हा फरक विचारावा.

उदाहरण घेऊ. समजा, तुमसरच्या एका राईस मिलमध्ये हिशेबाचा संगणक आहे. नागपूरचे सी.ए. महिन्याच्या अखेरीस दुरूनच तो उघडून विवरणपत्र भरतात. फायरवॉल पेटीत दोन नियम आहेत. पहिला, सी.ए.च्या कचेरीच्या पत्त्यावरून ३३८९ क्रमांकाच्या दाराने आले तर सोडा. दुसरा, बाकी कोठूनही त्या दाराने आले तर अडवा. यादी उत्तम आहे.

एके दिवशी सी.ए.च्या कचेरीचा इंटरनेट पत्ता बदलतो. साध्या जोडणीवर पत्ता असा अधूनमधून बदलतच असतो. विवरणपत्राची शेवटची तारीख डोक्यावर आहे. दुरुस्तीवाला मुलगा घाईत सर्वांत वर एक नियम टाकतो, 'कोठूनही ३३८९ वर आले तर सोडा'. काम होते, सारे खूश होतात, आणि तो नियम तसाच राहतो. आता खालचा 'अडवा' हा नियम यादीत दिसतो, पण त्याच्यापर्यंत एकही पाकीट पोहोचत नाही. मालक यादी पाहून निर्धास्त आहे आणि दार सताड उघडे आहे. इंटरनेटवर अशी उघडी दारे शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. ते पासवर्ड ताडून पाहत राहतात. ताडला गेला की वहीतील सर्व मजकूर कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते.

यावर उपाय सोपा आहे. सी.ए.च्या कचेरीने इंटरनेट कंपनीकडून न बदलणारा पत्ता घ्यावा, किंवा व्हीपीएन नावाच्या बंद वाटेने यावे, म्हणजे ३३८९ चे दार जगासमोर उघडावेच लागत नाही. दुसरे असे की बहुतेक चांगल्या फायरवॉल प्रत्येक नियमापुढे तो किती वेळा जुळला याचा आकडा दाखवतात. 'बाकी सर्वांना अडवा' या नियमापुढे अनेक दिवस शून्यच दिसत असेल तर खुशीत राहू नये. बहुधा वरच्या एखाद्या नियमाने त्याला झाकले आहे.

परतीची चिठ्ठी

एक शंका येथे येईल. सर्वांना अडवले तर वेबसाइटचे उत्तर तरी आत कसे येते? जुन्या फायरवॉलला ही अडचण होतीच. १९९४ मध्ये चेक पॉइंट या कंपनीने आपली फायरवॉल बाजारात आणली, तेव्हापासून चालू जोडण्यांचा तक्ता ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. आपला संगणक बाहेर विचारणा करतो तेव्हा फायरवॉल तिची टीप ठेवते. उत्तर आले की टीप पाहून त्याला यादी न वाचताच आत घेते, जसा नाक्यावरून चिठ्ठी घेऊन गेलेला गाडीवाला परतताना पुन्हा अडवला जात नाही.

या सोयीचे दोन परिणाम आहेत. पहिला, वहीत साधारणपणे प्रत्येक पाकिटाची ओळ नसते, एका जोडणीची एक ओळ असते. काही मोठ्या फायरवॉल ती ओळ जोडणी संपल्यावर लिहितात, म्हणून रात्रभर चाललेल्या जोडणीची नोंद सकाळी दिसू शकते. दुसरा परिणाम महत्त्वाचा आहे. चोर आत आहे असे कळल्यावर घाईने 'अडवा' असा नियम टाकला तरी आधीच चालू असलेली त्याची जोडणी पुष्कळदा तुटत नाही, कारण तिची टीप तक्त्यात आहे. तो तक्ता पुसावा लागतो, नाही तर सरळ इंटरनेटची तार काढावी लागते.

वहीत काय असते?

आता वहीकडे येऊ. इंग्रजीत तिला लॉग म्हणतात. विंडोजच्या फायरवॉलची एक ओळ नमुन्यादाखल देतो. पडद्यावर ती इंग्रजी अक्षरांत दिसते, आम्ही मराठीत उतरवली आहे :

२०२४-०८-१२ ०२:१४:०९ ड्रॉप टीसीपी २०३.०.११३.४५ १९२.१६८.१.१० ५१५२२ ३३८९

तारीख, वेळ, काय केले, वाहतुकीचा प्रकार, कोठून, कोठे, प्रेषकाचे दार, आपले दार, असा तिचा क्रम आहे. याचा अर्थ, मध्यरात्री सव्वादोनच्या सुमारास बाहेरच्या एका पत्त्यावरून कोणी रिमोट डेस्कटॉपचे दार ठोठावले आणि फायरवॉलने त्याला टाकून दिले. 'ड्रॉप'च्या जागी 'अलाऊ' असते, तर त्या दारातून जोडणी झाली असे समजावे आणि झोप सोडून उठावे.

वहीच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. आलेल्याने आत काय केले, ते अशा ओळीत नसते. नाक्याची वही गाडी आली-गेली एवढेच सांगते. शिवाय दार ठोठावणारे रोज शेकड्यांनी दिसले तर घाबरू नये, इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक पत्त्यावर असे चालूच असते. घाबरावे ते दोन ओळींना. अवेळी, अनोळखी पत्त्यावरून सोडलेली जोडणी ही पहिली. आपल्याच संगणकातून बाहेर जाऊ पाहणारी आणि अडवली गेलेली जोडणी ही दुसरी, कारण तिचा अर्थ घरातलाच कोणी बाहेरच्याला हाक मारतो आहे असा होऊ शकतो.

पण ही वही मुळात लिहिली जाते का? येथे बहुतेकांना धक्का बसेल. विंडोजची फायरवॉल विंडोज एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सुधारणेपासून आपोआप चालू असते, तिची वही मात्र बंद असते. अडवलेल्यांचीही नोंद नाही आणि सोडलेल्यांचीही नाही. ती मालकाने स्वतः चालू करावी लागते. चालू केली तरी वहीचा आकार फक्त ४,०९६ केबी असतो. भरली की ती जुनी म्हणून बाजूला ठेवली जाते आणि नवी सुरू होते. नवी भरली की आधीची जुनी नाहीशी होते. म्हणून आकार निदान २० एमबी करावा. आयपीटेबल्समध्ये तर नोंद करणे हा वेगळा नियम आहे. तो फक्त लिहितो, निर्णय देत नाही, आणि पाकीट पुढच्या नियमाकडे जाते. म्हणून तो 'अडवा'च्या आधी ठेवावा लागतो. नंतर ठेवला तर वही कायम कोरी राहते. घरगुती राऊटरची नोंद बहुधा त्याच्या तात्पुरत्या स्मरणातच असते. वीज गेली की नोंद गेली, आणि आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते वाचकांना सांगायला नको.

मोठ्यांचे काय झाले?

हे सारे छोट्या दुकानदाराला कशाला, असे कोणी म्हणेल. मोठ्यांचे काय झाले ते पाहावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर चोरीस गेले. परदेशी पैसे पाठवण्याच्या यंत्रणेला तिथे फायरवॉल नव्हती आणि दहा डॉलरचे जुने स्विच वापरात होते, असे तिथल्या पोलीस तपासातून पुढे आले. चोरांनी पैशाबरोबर वहीवरही हात टाकला होता. व्यवहाराची नोंद कागदावर उतरवणारा छपाई यंत्राचा मार्गच त्यांच्या प्रोग्रामने बिघडवला, म्हणजे सकाळी कोणाला काही दिसू नये.

आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला. एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. त्यातील सुमारे ७८ कोटी २८ देशांतील एटीएममधून काढले गेले, आणि १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एटीएमची विचारणा बँकेच्या मुख्य हिशेबापर्यंत जायला हवी होती. चोरांनी मध्येच आपला खोटा स्विच बसवला आणि तोच 'पैसे द्या' असे उत्तर देत राहिला. म्हणजे खऱ्या नाक्याच्या अलीकडे बनावट नाका उभा राहिला आणि खऱ्या वहीत एक ओळही पडली नाही.

तिसरे उदाहरण २७ जून २०१७ चे. 'नॉटपेट्या' नावाच्या हल्ल्यात मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. हा हल्ला निघाला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारणेतून. ज्याच्यावर विश्वास होता तोच विष घेऊन आत आला, आणि मग ४४५ क्रमांकाच्या दारातून एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरला. फायरवॉल बाहेरच्या दाराशी कितीही पक्की असो, आतल्या खोल्यांची दारे उघडी असतील तर ती अपुरी पडते. म्हणून दुकानातील कॅमेऱ्याची पेटी, गिऱ्हाइकांना दिलेले वाय-फाय आणि हिशेबाचा संगणक एकाच दालनात ठेवू नयेत.

कायदा आणि आपले कर्तव्य

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निर्देश काढले. संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात, ठरवून दिलेल्या प्रकारच्या हल्ल्यांची खबर कळल्यापासून ६ तासांत द्यावी, आणि यंत्रांची घड्याळे सरकारी वेळेशी जुळवून ठेवावीत, असे त्यात आहे. लघुउद्योगांना २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत सवलत होती, ती संपली आहे. घड्याळाची अट कोणाला क्षुल्लक वाटेल. पण वहीतील वेळ वीस मिनिटे चुकीची असेल तर बँकेच्या नोंदीशी ती जुळत नाही, आणि पोलिसांपुढे आपलाच पुरावा लंगडा पडतो.

आम्ही बांधवांना पाच कामे सुचवतो. पहिले, आपल्या फायरवॉलच्या नियमांची यादी कागदावर काढून घ्यावी आणि प्रत्येक नियमापुढे तो कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या तारखेला, कशासाठी टाकला ते लिहावे. ज्याचे कारण सांगता येत नाही तो नियम जाणकाराला विचारून काढावा. दुसरे, 'तात्पुरता' नियम टाकतानाच तो काढण्याची तारीख ठरवावी. तिसरे, अडवलेल्या आणि सोडलेल्या दोन्ही जोडण्यांची वही चालू करावी आणि तिची प्रत दर आठवड्याला दुसरीकडे ठेवावी, कारण आत शिरलेला चोर त्याच संगणकातील वही पुसू शकतो. चौथे, हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क तारेपासून सोडवून कपाटात ठेवावी. पाचवे, पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

यांतील पहिली तीन कामे करायला पैसा लागत नाही. विंडोजची फायरवॉल संगणकाबरोबरच येते. पडून असलेला जुना संगणक असेल तर त्यावर पीएफसेन्ससारखी विनामूल्य फायरवॉल बसवता येते. भंडारा, तुमसर, पवनीत संगणक दुरुस्तीचे काम करणारी आपली कितीतरी मुले आहेत. त्यांनी हे काम नीट शिकून घेतले तर त्यांनाही एक नवा धंदा मिळेल. मात्र काम झाल्यावर यादी मालकाच्या हाती द्यायची आणि वाचून समजावून सांगायची, हा रिवाज त्यांनी पाळावा. दुकानदारानेही यादी हाती आल्याशिवाय मजुरी चुकती करू नये. आपल्या संगणकात ज्यांचा हिशेब आहे ते गिऱ्हाईक, विणकर आणि मजूर आपल्या भरवशावर आहेत. त्यांच्या वहीचा जिम्मा आपला आहे.